सूत, मिलिमीटर आणि औटकी

(कारागिरीसाठी आणि कारखान्यातील नोकरीसाठी लागणाऱ्या गणितासंबंधी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचे निदेशक म्हणून दीर्घकाळ काम केलेल्या आमच्या सदरलेखकांनी त्यांना उत्तरे दिली आहेत.)

प्रश्न : माझ्या मुलाला दहावीला गणितात ४१ गुण मिळाले. त्याला आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला प्रवेश मिळाला आहे. पण तेथेही गणित आहे असे कळल्यापासून तो धास्तावला आहे. त्याला गणिताची शिकवणी लावावी काय?
— एक पालक, संगमनेर

उत्तर : निदान पहिले तीन महिने तरी शिकवणी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयटीआयमध्ये ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स’ नावाचा जो विषय असतो, त्यातील एकके, अपूर्णांक, वर्गमूळ, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, क्षेत्रफळ-घनफळ आणि थोडी त्रिकोणमिती हा सगळा भाग आपल्या मुलाने शाळेत एकदा पाहिलेला आहे. शाळेत तो भाग त्याच्या डोक्यात का बसला नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की त्यातील संख्या कशाच्या आहेत हे त्याला कोणी दाखवलेले नसते. शिकवणीच्या वर्गात पुन्हा तेच घडेल.

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून तासण्याच्या यंत्रावर, काय घडते ते पाहा. माइल्ड स्टीलचा ४० मि.मी. व्यासाचा गोल बार चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरला आहे, टूल हायस्पीड स्टीलचे आहे आणि कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर ठेवायचा आहे. चक फिरवणाऱ्या स्पिंडलचे फेरे किती ठेवावेत? वेगाला १००० ने गुणावे आणि पाय (π) गुणिले व्यास या संख्येने भागावे, हे सूत्र. १००० भागिले पाय म्हणजे साधारण ३१८. तोंडी हिशेबासाठी ते ३२० धरले तरी चालते. ३२० गुणिले २५ भागिले ४०, म्हणजे मिनिटाला २०० फेरे. आता हाच बार २० मि.मी. व्यासाचा असता तर? व्यास निम्मा, म्हणून फेरे दुप्पट, म्हणजे ४००. शाळेच्या पुस्तकात ‘व्यस्त प्रमाण’ या मथळ्याखाली, इतके मजूर इतक्या दिवसांत भिंत बांधतात अशा उदाहरणांतून, जे शिकवले होते ते हेच.

मुलगा फेसिंग करू लागेल तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट दिसेल. बारचे तोंड सपाट करताना टूल बाहेरच्या कडेपासून मध्याकडे जाते, फेरे तेच राहतात, व्यास मात्र कमी कमी होत जातो. म्हणून कडेला मिनिटाला २५ मीटर असलेला वेग अगदी मध्यावर शून्य होतो. मध्यभागी पृष्ठभाग खरखरीत का येतो, हे त्याने स्वतः सूत्रातून शोधले तर ते सूत्र तो पुढे कधी विसरणार नाही. संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी लेथवर ‘जी ९६’ ही आज्ञा दिली की व्यास घटेल तसे यंत्र, स्पिंडलला ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत, फेरे स्वतःच वाढवत नेते. पण त्या आज्ञेचा अर्थ कळण्यासाठी आधी साध्या लेथवरचा तो खरखरीतपणा पाहिलेला बरा.

त्याची खरी कसोटी दशांश अपूर्णांकांत लागेल. ड्रॉइंगवर शाफ्टच्या व्यासाची वरची मर्यादा २५.००० आणि खालची २४.९७९ अशी लिहिलेली असते. या दोहोंमधील अंतर ०.०२१ मि.मी., म्हणजे २१ मायक्रॉन. साध्या मायक्रोमीटरवरच्या जेमतेम दोन रेघा. ०.०२ आणि ०.००२ यांतील फरक ज्याला क्षणभर थांबून आठवावा लागतो, त्याच्या हातून जॉब, म्हणजे हातातला नग, बिघडणारच. म्हणून घरी करून घ्यायचेच असेल तर एवढे करावे : रोज दहा मिनिटे दशांशांची बेरीज-वजाबाकी, आणि तीही कोरड्या संख्यांची नव्हे, तर मोजलेल्या मापांची. पातेल्याभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी आणि तिला पातेल्याच्या व्यासाने भागावे. उत्तर ३.१४ च्या जवळ येते की नाही, आणि येत नसेल तर मोजण्यात कोठे चूक झाली, याचा शोध त्याने घ्यावा. त्रिकोणमितीची घाई करू नये.

प्रश्न : मी पंधरा वर्षे फॅब्रिकेशनचे काम करतो. शिक्षण आठवी, सगळे उस्तादांच्या हाताखाली शिकलो. टेपवरचे सूत बिनचूक वाचतो; पण आता ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये येते आणि त्यावर कोन अंशांत दिलेले असतात. या वयात हे गणित पुन्हा कोठून सुरू करावे?
— एक कारागीर, इचलकरंजी

उत्तर : आपण समजता त्यापेक्षा आपले गणित पुष्कळ पुढे गेलेले आहे. एका इंचाची आठ सूत. पाव इंच आणि तीन सूत मिळून पाच सूत, हे आपण क्षणात सांगता. शाळेतल्या मुलाला हीच बेरीज एक चतुर्थांश अधिक तीन अष्टमांश अशी घातली तर तो समच्छेद करत बसतो. आपणही तेच करता, फक्त त्याला ते नाव देत नाही.

मिलिमीटरसाठी एकच आकडा पाठ करावा : एक इंच म्हणजे २५.४ मि.मी. त्यावरून एक सूत ३.१७५ मि.मी. होते. येथे एक सावधगिरी हवी. बाजारात ‘तीन सुती’ सळई १० मि.मी.ची आणि ‘चार सुती’ १२ मि.मी.ची समजतात, हिशेबाने मात्र तीन सूत म्हणजे ९.५ आणि चार सूत म्हणजे १२.७ मि.मी. सळईचे नाव म्हणून हा व्यवहार ठीक आहे, माप म्हणून नाही. त्यामुळे ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल त्या दिवशी टेपची इंचाची बाजू पाहूच नये. मनात सुतांचे मिलिमीटर आणि मिलिमीटरची सुते करत राहिल्याने जितक्या चुका होतात तितक्या दुसऱ्या कशानेही होत नाहीत.

गेटची फ्रेम काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण कोनाकोनी दोन्ही मापे घेऊन ती सारखी येतात का हे तपासत असाल. पद्धत अगदी योग्य आहे. पण त्यासाठी फ्रेम आधी जुळवावी लागते. कर्ण काढता आला तर तेच माप तुकडे कापण्यापूर्वीच हाती येते. ४ फूट रुंद आणि ७ फूट उंच गेट घ्या. चाराचा वर्ग १६, साताचा ४९, बेरीज ६५. तिचे वर्गमूळ ८.०६२. म्हणजे कर्ण ८ फूट आणि वर पाऊण इंच, आपल्या भाषेत ८ फूट ६ सूत. गवंडी पाया आखताना ३, ४ आणि ५ फुटांवर दोरीला खुणा करून गुण्या साधतात, तोच हा नियम. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचे चिन्ह असतेच.

कोनाचे म्हणाल, तर लांब कामात चांद्यावर विसंबू नये. चांदा लावताना अर्ध्या अंशाची चूक सहज होते आणि ३ मीटर लांबीच्या टोकाला ती चूक २६ मि.मी. इतकी वाढते. त्यापेक्षा कोनाचे दोन लांबींमध्ये रूपांतर करावे. ३० अंशांचा उतार हवा असेल तर जमिनीवर आडवे १००० मि.मी. मोजावे, त्याच्या टोकाशी काटकोनात ५७७ मि.मी. वर मोजावे आणि दोन्ही टोके जोडावीत. ५७७ ही संख्या ३० अंशांच्या टॅन्जंटमधून, म्हणजे ०.५७७ मधून येते. १०, १५, २०, ३०, ४५ आणि ६० अंशांचे टॅन्जंट एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावले की आपल्या कामापुरती त्रिकोणमिती बहुतेक झाली.

वजनाचा हिशेब मात्र या महिन्यातच शिकून घ्यावा, कारण कोटेशन त्यावर ठरते. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि १६२ ने भागावे. एक मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. १२ मि.मी.ची सळई : १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. १६२ ही संख्या कोणी मनाने ठरवलेली नाही. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरून वर्तुळाच्या क्षेत्रफळाशी गुणाकार केला की ती आपोआप निघते. पट्टीसाठी रुंदी गुणिले जाडी गुणिले ०.००७८५ करावे, ५० बाय ६ ची पट्टी मीटरला २.३५५ किलो भरते. दुकानदाराच्या काट्याशी एकदा ताडून पाहावे.

प्रश्न : सर, मी ॲप्रेंटिस आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅल्क्युलेटर असताना आम्हाला हाताने आकडेमोड का करायला लावतात?
— एक प्रशिक्षणार्थी, चाकण

उत्तर : कॅल्क्युलेटर जरूर वापरावा, मीही वापरतो. परंतु उत्तर साधारण किती यायला हवे याचा अंदाज आधी मनात नसेल, तर चुकीची कळ दाबली गेल्याचे कळणार कसे? कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर राहिला असेल तर ३० चा साइन तो ०.५ न देता उणे ०.९८८ देतो, आणि तेही तितक्याच आत्मविश्वासाने.

मी स्वतः शिकाऊ असताना ६० मि.मी. लांबीत ४० वरून ३४ मि.मी. व्यासावर येणारा टेपर, म्हणजे निमुळता उतार, काढत होतो. टूल धरणारी कंपाउंड स्लाइड किती अंशांवर लावायची यासाठी व्यासांतील फरकाला लांबीच्या दुपटीने भागायचे असते, म्हणजे ६ भागिले १२०, ०.०५, त्याचा कोन २ अंश ५२ मिनिटे. मी दुप्पट करायला विसरलो, ०.१ धरले, स्लाइड ५ अंश ४३ मिनिटांवर लावली आणि बारीक टोक ३४ ऐवजी २८ मि.मी.चे केले. आकडेमोड बिनचूक होती. दोन्ही बाजूंनी मिळून ६ मि.मी. उतरायचे, म्हणजे एका बाजूने तीनच, एवढे आधी बोटाने हवेत रेखाटून पाहिले असते तर तो जॉब भंगारात गेला नसता.

दुसरे असे की काही ठिकाणी दशांशातले उत्तर निरुपयोगीच असते. मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड, म्हणजे जॉब सारख्या भागांत फिरवण्याचे साधन, लावून २८ दातांचा गिअर कापायचा आहे. हँडलचे ४० फेरे झाले की जॉबचा एक फेरा होतो. म्हणून प्रत्येक दातासाठी हँडल ४० भागिले २८ फेरे फिरवायचे. कॅल्क्युलेटर १.४२८५७१ सांगतो. तेवढे फिरवून दाखवा! अपूर्णांकात मात्र तेच उत्तर एक पूर्णांक तीन सप्तमांश येते, तीन सप्तमांश म्हणजे नऊ एकविसांश, आणि हँडलमागच्या भोकांच्या चकतीवर, म्हणजे इंडेक्स प्लेटवर, २१ भोकांचे वर्तुळ असते. एक पूर्ण फेरा आणि वर ९ भोके. अपूर्णांकाचा छेद म्हणजे प्लेटवरची भोके, हे ज्या दिवशी हाताला कळते त्या दिवसानंतर सममूल्य अपूर्णांक कोणाला शिकवावे लागत नाहीत.

प्रश्न : मी इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे. तीन फेजच्या सूत्रात १.७३२ कोठून येतो?
— एक विद्यार्थिनी, चंद्रपूर

उत्तर : तो तीनचे वर्गमूळ आहे. तीन फेजमध्ये एकमेकींशी १२० अंशांचे अंतर असते, त्यामुळे दोन फेजमधला दाब (व्होल्टेज) एका फेजच्या २४० व्होल्टच्या दुप्पट होत नाही, १.७३२ पट, म्हणजे सुमारे ४१५ व्होल्ट होतो. वहीवर १२० अंशांच्या कोनात २४ सें.मी.च्या दोन रेषा काढून त्यांची टोके जोडा आणि मोजा, ४१.५ सें.मी. भरतील. सूत्राची, म्हणजे वॅटला १.७३२, दाब, पॉवर फॅक्टर आणि कार्यक्षमता यांच्या गुणाकाराने भागले की करंट मिळतो याची, पडताळणीही करून ठेवा : ५ अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ३७०० वॅटची मोटर, दाब ४१५, पॉवर फॅक्टर ०.८ आणि कार्यक्षमता ०.८५ धरल्यास करंट साधारण ७.५ ॲम्पिअर येतो. अश्वशक्तीला दीड ॲम्पिअर हा जुन्या वायरमनचा ठोकताळा हेच सांगतो.

प्रश्न : आमच्या लहानपणी पावकी, निमकी, दिडकी पाठ करून घेत. नातू आयटीआयला आहे. त्याला या पाढ्यांचा काही उपयोग आहे काय, की तो जमाना गेला?
— एक आजोबा, वाई

उत्तर : आजोबा, आपण त्याला ते पाढे जरूर शिकवावेत, आणि शिकवताना त्याच्या हातात नट-बोल्ट द्यावा. मेट्रिक आट्यांचे पिच, म्हणजे नट एक फेरा फिरला की किती मिलिमीटर सरकतो ते माप, नेहमीच्या आट्यांत असे असते : ८ मि.मी.च्या बोल्टला सव्वा, १० मि.मी.ला दीड, २० मि.मी.ला अडीच आणि ३० मि.मी.ला साडेतीन. मायक्रोमीटरच्या स्क्रूचे पिच अर्धा मि.मी. म्हणजे निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी (साडेतीनचा पाढा) हे सगळे पाढे त्याच्या टूलबॉक्समध्ये आजही पडलेले आहेत. १० मि.मी.च्या बोल्टसाठी आटे पाडायचे तर भोक किती मि.मी.चे करावे? दहातून दीड वजा करावेत, साडेआठ. ३० मि.मी.च्या बोल्टवर नट नऊ फेरे फिरवला तर किती सरकेल, हे त्याला विचारावे; तो मोबाइल काढेपर्यंत आपण ‘औट नव्वे साडेएकतीस’ म्हणून मोकळे व्हाल, आणि मग पट्टी लावून त्यालाच मोजायला सांगावे.