'गेलतो' म्हणजे 'हॅड गॉन' नव्हे

प्रश्न : 'मी काल यवतमाळला गेलो होतो' याचं इंग्रजी मी 'आय हॅड गॉन टू यवतमाळ यस्टरडे' असं केलं, ते चुकलं म्हणतात. मराठीत 'होतो' आहे, मग 'हॅड' का नको? आणि 'हॅव' कुठं वापरायचं?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : 'आय वेंट टू यवतमाळ यस्टरडे' हेच बरोबर. घोळ घालतो तो आपला 'होतो'. 'गेलो होतो' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, माणूस जाऊन परत आला. वऱ्हाडीत तर 'यवतमाळले गेलतो' असा तो क्रियापदातच मुरलेला, म्हणून वेगळा जाणवतही नाही. इंग्रजीतल्या 'हॅड'ला परत येण्याशी काही देणंघेणं नाही. त्याला भूतकाळातलीच दुसरी एक घटना किंवा वेळ लागते, आणि 'हॅड'वालं काम तिच्या आधी झालेलं असावं लागतं.

एसटीवरून पाहा. 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट' : तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गेली होती. आता 'हॅड' काढा. 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट' : तुम्ही पोचलात आणि मग गाडी सुटली. धावला असता तर सापडलीही असती! 'आफ्टर' किंवा 'बिफोर' असेल तर क्रम त्या शब्दातच येतो, म्हणून तिथं 'हॅड' नसला तरी बहुधा बिघडत नाही.

हीच चूक अर्जांत सर्रास दिसते. 'आय हॅड सबमिटेड द फॉर्म ऑन 5 जुलै' एवढंच वाक्य असेल तर 'हॅड' खोडा, 'आय सबमिटेड' पुरे. 'पोर्टल बंद व्हायच्या आधीच भरला होता' हे ठासून सांगायचं असेल तर मात्र ठेवा : 'आय हॅड ऑलरेडी सबमिटेड द फॉर्म व्हेन द पोर्टल क्लोज्ड.'

'हॅव'चा सापळा वेगळा. मराठीत 'मी कालच आलो आहे' बिनदिक्कत चालतं. 'आय हॅव कम यस्टरडे' चालत नाही. संपलेली वेळ वाक्यात आली की 'हॅव' बाद. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2021, ही सगळी संपलेली वेळ. केव्हा झालं ते विचारणारा 'व्हेन'सुद्धा त्यातलाच : 'व्हेन डिड यू पास?' 'आय हॅव सोल्ड माय कॉटन' म्हणजे कापूस विकून झाला, आज घरात नाही. केव्हा विकला हा मुद्दाच नाही. पुढं 'लास्ट वीक' जोडलंत की लगेच 'आय सोल्ड' करा.

'सिन्स' उलटं वागतो. 2018 पासून इथं 'राहतो' असं आपण वर्तमानात म्हणतो, म्हणून 'आय लिव्ह हिअर सिन्स 2018' लिहिलं जातं. तिथं 'आय हॅव लिव्ड' हवं, कारण राहणं अजून चालू आहे.

प्रश्न : 'आय डिडन्ट वेंट' आणि 'आय वॉज नोइंग' यांत काय चुकतं?
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : भूतकाळ 'डिड'नं आधीच घेतला, क्रियापदानं तो पुन्हा घ्यायचा नाही : 'आय डिडन्ट गो.' प्रश्नातही तसंच, 'डिड यू गो?' दुसऱ्या वाक्यात, 'माहीत असणं' ही चालू असलेली कृती नव्हे, म्हणून त्याला 'आयएनजी' लागत नाही. 'मला माहीत होतं' म्हणजे 'आय न्यू'. 'बिलीव्ह' आणि 'अंडरस्टँड'लाही सहसा हेच लागू.