जॅझमध्ये नवीन आहे. एकाच संगीतकाराच्या गाजलेल्या गाण्यांवरचा एखादा पियानो अल्बम सुचवाल का? चाल ओळखू यावी, एवढीच अट.

डोळे झाकून 'थेलोनियस मंक प्लेज ड्यूक एलिंग्टन' लावा. पियानोवादक मंकने संगीतकार एलिंग्टनची गाणी वाजवलेला, जुलै 1955 मध्ये रेकॉर्ड झालेला अल्बम. सोबत बासवर ऑस्कर पेटिफर्ड आणि ड्रम्सवर केनी क्लार्क, बस. रिव्हरसाइड कंपनीसाठी मंकचा हा पहिलाच अल्बम. त्याच्या स्वतःच्या रचना तेव्हा लोकांना फार अवघड वाटायच्या. म्हणून निर्मात्यांनी आधी सगळ्यांच्या ओळखीची गाणी वाजवून घेतली. धंद्याचं गणित, पण आपल्या पथ्यावर पडलं!

मंक इथे तानांची आतषबाजी करत नाही. चाल जवळजवळ सरळ वाजवतो, मध्येच एखादा सूर उशिरा टाकतो, नाहीतर शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून मुद्दाम खडा टाकल्यासारखं करतो. 'सॉलिट्यूड'मध्ये तो एकटाच आहे, त्यामुळे डाव्या हाताची जुन्या धाटणीची साथ स्पष्ट ऐकू येते. मला विचाराल तर अल्बममधलं सर्वात सुंदर हेच. शेवटचं 'कॅरॅव्हान' मूळचं एलिंग्टनच्या वाद्यवृंदातल्या हुआन टिझोल या ट्रॉम्बोनवादकाचं. तिथे क्लार्कच्या ड्रम्सकडे कान द्या.

काही जाणकारांना हा अल्बम मंकच्या मानाने मवाळ वाटतो. असेल. पण सुरुवात करणाऱ्याला हेच बरं. आधी एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं 'मूड इंडिगो' ऐका, मग लगेच मंकचं. काय गाळलं ते चटकन कळेल.