एका ओळीची स्क्रिप्ट ग्रुपवर टाकली आणि…

प्रश्न: दादा, आठवड्यापेक्षा जुने लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइल्स) उडवायला मी एका ओळीची स्क्रिप्ट लिहिली, फाइंड (फाइल्स शोधणारी कमांड), मग एमटाइम (फाइल शेवटची कधी बदलली) प्लस सात, मग डिलीट, मग नेम स्टार डॉट लॉग. माझ्या लिनक्सवर महिनाभर मस्त चालली म्हणून हौसेने ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मॅकवाल्या एकाला 'इल्लीगल ऑप्शन' असा एरर आला, ते परवडलं, पण लिनक्सवाल्या एकीच्या लॉग नसलेल्या फाइल्सपण गेल्या. आता सगळे माझी खेचतायत. चुकलं कुठे?
– एक वाचक, पुणे

उत्तर: अरे बाबा, क्रम बघ ना! फाइंड डावीकडून उजवीकडे जातं. तू डिलीट आधी लिहिलंस, म्हणजे जुनी फाइल दिसली की ते आधी उडवणार आणि मग निवांत विचारणार, हिचं नाव डॉट लॉगवर संपतं का? तुझ्याकडे चाललं कारण तुझ्या फोल्डरात लॉगशिवाय दुसरं काही नसणारच. डिलीट कायम सगळ्यात शेवटी.

आणि शोधायचं कुठे ते तू सांगितलंच नाहीस. लिनक्सवरचं फाइंड मग आपण ज्या फोल्डरात असू तोच धरतं, मॅकवालं पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, दिल्याशिवाय हलत नाही, म्हणून तो एरर, आणि खरं सांगू का, त्यामुळे त्या मॅकवाल्याच्या फाइल्स वाचल्या. जाता जाता, लिनक्सवर प्लस सात म्हणजे पूर्ण आठ दिवस झालेल्या फाइल्स, सात नाही, यात भलेभले फसतात.

पुढच्या वेळी शेअर करताना डिलीटच्या जागी प्रिंट ठेव, यादी बघून ज्याने त्याने बदलावं. पाथ व्हेरिएबलमध्ये (स्क्रिप्टमधल्या नाव दिलेल्या जागेत) घेतलास तर तो रिकामा नाही ना हे आधी तपास. 2015 च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीमच्या (गेम्सच्या ॲपच्या) स्क्रिप्टमध्ये नेमकं असंच एक व्हेरिएबल रिकामं निघालं आणि आरएम या फाइल उडवणाऱ्या कमांडने लोकांच्या स्वतःच्या फाइल्स साफ केल्या. आयफोनवरून टाईप करत असशील तर सरळ कोट वाकडे होतात आणि कमांड बिघडते, त्यापेक्षा गिस्ट (गिटहबवर कोड टाकून लिंक द्यायची सोय) बरं. फक्त सीक्रेट गिस्ट म्हणजे प्रायव्हेट नव्हे, लिंक मिळाली की कोणीही बघतं, तेव्हा पासवर्ड वगैरे त्यात नको.

त्या बिचारीला विचार, फाइल्स गिटमध्ये (फाइल्सच्या जुन्या आवृत्त्या जपणारा प्रोग्रॅम) कमिट, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या, होत्या का, असतील तर गिट रिस्टोरने परत येतील. नसतील तर अवघड आहे, फाइंडचं डिलीट कचरापेटीत टाकत नाही. मग चहा-वडापाव तुझ्याकडून.