पॅसेज आणि खोल्यांत सलग लाकडी फरशी: आधी दोरी, मग फळी

पहिली फळी खोलीच्या भिंतीला लावून सुरुवात करू नका. भिंती क्वचितच सरळ असतात आणि अर्ध्या इंचाचा तिरकेपणा अरुंद पॅसेजमध्ये लगेच डोळ्यांत भरतो. पॅसेजच्या लांबीला समांतर, मधोमध रंगाची दोरी मारा, म्हणजे रंगाची पूड लावलेली दोरी ताणून झटका द्या, जमिनीवर सरळ रेघ उमटते. तीच रेघ काटकोन तपासत दारांतून खोल्यांत न्या. फळ्याही त्याच लांबीच्या दिशेने.

मधून दोन्हीकडे जायचं असेल तर पहिल्या ओळीच्या खाचेत गोंद लावून लाकडी पट्टी बसवा (फळीच्या एका कडेला खाच असते, दुसरीला त्यात बसणारी जीभ). तिथे नवी जीभ तयार होते आणि मागच्या बाजूलाही ओळी लावता येतात. एवढं जमलं की दारातले जोड अवघड नाहीत.

नवखे बहुतेक इथे चुकतात:

- दाराच्या लाकडी चौकटीच्या आकारात फळी कोरतात. त्याऐवजी फळीचा तुकडा जमिनीवर आडवा ठेवा, त्यावर करवत टेकवून चौकटीचा तळ कापा आणि फळी चौकटीखाली सरकवा.
- फळ्या भिंतीला भिडवतात. 10 ते 12 मिमी फट सोडाच, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) ती झाकतं. सोलापुरात मे महिन्याच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसलेलं असतं, पावसाळ्यात ते फुगतं. फट नसेल तर फळ्या दारातच वर उचलतात.
- स्वयंपाकघराच्या टाइलची उंची आधी मोजत नाहीत. फरक असेल तर उतरती पट्टी लागेल. ती एकाच बाजूला पक्की करा.

तिरप्या फळ्या आणि नक्षीची किनार सध्या बाजूला ठेवा.