‘वरीलप्रमाणे’

‘चांगल्या गोष्टी लिहायची वही सुरू केली, पण चार दिवसांत बंद पडली. माझ्यातच काही कमी आहे का?’ हल्ली हा प्रश्न बरेच जण विचारतात, तोही अपराधी चेहऱ्याने.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका ताई माझ्याकडे अशाच आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते आणि त्यांना मेघाताई म्हणते. कॅम्पातल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम, नवऱ्याची फिरतीची नोकरी, घरी अर्धांगवायू झाल्यापासून अंथरुणावर असलेले सासरे. दीर-जाऊ पिंपळे सौदागरला. बहिणीने अप्पा बळवंत चौकातून एक देखणी डायरी आणून दिली आणि बजावलं, “रोज झोपताना पाच चांगल्या गोष्टी लिहायच्या.”

डायरी त्यांनी सोबतच आणली होती. पहिल्या पानावर : घर आहे. तब्येत ठीक. मुलं गुणी. नोकरी आहे. देवाची कृपा. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर नुसतं ‘वरीलप्रमाणे’. मला हसू आलं, त्याही हसल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, हात ‘देवाची कृपा’ लिहीत असतो आणि डोक्यात चाललेलं असतं, जाऊबाईंनी आज फोनसुद्धा केला नाही. लोकांकडे एवढंही नसतं, हे कळतं हो मला. पण मग स्वतःचीच लाज वाटते.”

खरी अडचण इथे होती. रागावर झाकण म्हणून वही वापरली की ती नकोशी होणारच. मी म्हटलं, “आधी डाव्या पानावर राग लिहा. जावेचा, नवऱ्याचा, माझाही आला तर माझा. उजवं पान नंतर.”

शिवाय रोज पाच हा हट्ट कशाला? रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 च्या अभ्यासातल्या पहिल्या प्रयोगात लोक आठवड्यातून एकदाच लिहीत होते, दहा आठवडे. रोजचे त्रास लिहिणाऱ्यांपेक्षा या मंडळींना आपलं आयुष्य अधिक बरं वाटलं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलेल्या प्रयोगात रोज तीन गोष्टी लिहायच्या होत्या, पण प्रत्येकीपुढे ती का घडली, हेही लिहायचं होतं. माझ्या मते सगळी गंमत त्या ‘का’मध्ये आहे. ‘घर आहे’पुढे ‘का’ लिहून बघा, पेन अडतं. आणि फायदा म्हणाल तर बेताचाच असतो. आयुष्य पालटून टाकणारी वही मी तरी पाहिलेली नाही.

आमचं ठरलं ते असं : बुधवारी आणि रविवारी, सासऱ्यांना रात्रीची गोळी दिली की लगेच, एक किंवा दोनच गोष्टी. त्या आठवड्यातल्या, माणसासकट, कारणासकट. देखणी डायरीही बाजूला ठेवली; तिच्यात वाक्यंसुद्धा देखणीच लिहावीशी वाटतात. शंभर पानी साधी वही घेतली.

“पण मग एकवीस दिवसांत सवय कशी लागणार?” हिशेब पक्का! तो एकवीसचा आकडा विसरा, म्हटलं. संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या अभ्यासात (प्रसिद्धी 2010) रोजची साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं दिसलं, आणि माणसामाणसांत फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं.

नंतरच्या नोंदी वेगळ्या होत्या. (त्यांतले ‘बाबा’ म्हणजे सासरे.) ‘दांडेकर पुलाशी कंडक्टरने मला धावताना पाहिलं आणि डबल बेल मारली नाही.’ ‘शेजारच्या काकू बाबांजवळ अर्धा तास बसल्या. भाजी आणायला एकटी गेले. घाई नव्हती.’ ‘मुलाने बाबांना भरवलं, मी गरम जेवले.’

पुढच्या एका भेटीत आम्ही सगळी पानं सलग वाचली. निम्म्याहून जास्त नोंदी एकाच गोष्टीच्या होत्या : कुणीतरी बाबांकडे बघितलं आणि ताईंना थोडा वेळ मिळाला. डाव्या पानांवरचा रागही त्याचाच. आपल्याला नेमकं काय हवंय, हे त्यांना तिथे आयतं लिहिलेलं मिळालं. त्याच आठवड्यात त्यांनी दिरांना फोन केला, “भाऊजी, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी तुम्ही इथे थांबायचं.” दीर “बघतो वहिनी” म्हणाले. एकदा आले, एकदा टाळलं; मग जाऊबाई यायला लागल्या. राग पुरता गेलेला नाही, डावं पान अजून भरतं. गणपतीत वही बंदच होती, पण नंतर ‘वरीलप्रमाणे’ न लिहिता पुन्हा सुरू झाली.

एक मात्र सांगायला हवं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.