बोट टोचलं, आकडा आला, आता पुढे काय?

प्रश्न : डॉक्टरताई नमस्कार. गावात आरोग्य केंद्राकडून शुगर आणि कोलेस्ट्रॉलची फुकट तपासणी होती म्हणून सासूबाईंना घेऊन गेले, वय ६१. निघायच्या आधी त्यांनी चहा आणि अर्धा पाव खाल्लेला. बोट टोचून शुगर १६८ आली, कोलेस्ट्रॉल २२८. नर्सबाई म्हणाल्या उपाशीपोटी परत या. शेजारच्या काकी म्हणतात डायबेटीस झालाच, माझ्या गोळ्यांतली अर्धी अर्धी द्या. आणि सासूबाई म्हणतात दोन दिवस नुसती पेज पिते मग बघ कसा नॉर्मल येतो. काय करू? नारळ बंद करू का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आधी काकींच्या गोळ्या परत करा, आजच. शुगरच्या काही गोळ्यांनी गरज नसताना शुगर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चक्कर येऊन पडतो, आणि साठीच्या पुढे तर जास्तच जपायला हवं.

आता १६८ चं. खाल्ल्यावर तासाभरात घेतलेल्या या आकड्यावरून डायबेटीस आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही. बोटाची तपासणी संशय कुणाचा घ्यायचा ते सांगते, निदान शिरेतून काढलेल्या रक्तावर होतं. आणखी एक, बोट टोचायच्या आधी हात साबणाने धुऊन कोरडे केलेले का? आंबा नाहीतर फणस सोलून तसाच हात पुढे केला की बोटावरच्या रसाची साखर मोजली जाते आणि आकडा उगाच वर जातो, हे खरंच होतं.

नर्सबाईंनी बरोबर सांगितलंय. रात्री नेहमीसारखं जेवायचं, मग निदान ८ तास फक्त पाणी, आणि सकाळी रक्त. १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा वर आली तर दुसऱ्या दिवशी परत एकदा करून पक्कं करायचं. सोबत एचबीएवनसी करून घ्या, ती साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, ६.५ टक्के किंवा वर आली तर डायबेटीस. रक्त कमी असेल (आपल्या बायकांत बऱ्याचदा असतं) तर हा आकडा चुकू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सासूबाईंना प्रेमाने सांगा की पेज म्हणजे सुद्धा भातच, उकड्या तांदळाचा असला तरी. आणि दोन दिवस पोट मारून समजा आकडा सुधारला तरी फसवलं कुणाला, आजार तर अंगातच राहिला ना. मला या गोष्टीची फार काळजी वाटते, कारण २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (देशाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) मोठ्या अभ्यासाचे आकडे आले त्यात डायबेटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के, देशाचं ११.४. म्हणजे मोठ्या माणसांत चारातला एक, आणि तरी आपण तपासणीला परीक्षेसारखी तयारी करून जातो.

कोलेस्ट्रॉल २२८ हे २०० च्या वर आहे खरं, पण नुसत्या एकूण आकड्यावर गोळी ठरत नाही. पूर्ण लिपिड प्रोफाइल करा, त्यात एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) किती, एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) किती, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) किती ते वेगळं कळतं. तेही त्याच उपाशीपोटीच्या रक्तात होतं, दोनदा टोचायला नको. बीपी आणि थायरॉइड पण बघून घ्या, थायरॉइड मंद असला तरी कोलेस्ट्रॉल चढतं.

नारळात कोलेस्ट्रॉल नसतं, पण त्यातली चरबी एलडीएल वाढवते. म्हणून हुमणातला (माशाच्या आमटीतला) नारळ एकदम बंद नको, निम्मा करा, आणि खोबरेल तेलात तळलेलं कमी करा. बांगडा तवा फ्राय करण्यापेक्षा हुमणात घाला. रोज दोन वेळा भात असेल तर एका वेळेचा भात निम्मा आणि भाजी दुप्पट, हे जमतं बघा, सासूबाईंनाही चालेल.

प्रश्न : माझं वय ३४, काही त्रास नाही, मग मी कशाला तपासू?
— फोंडा

उत्तर : त्रास नाही म्हणूनच. सुरुवातीला शुगर आणि कोलेस्ट्रॉल दोन्ही काही बोलत नाहीत. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपासून पुढे सगळ्यांची शुगर आणि बीपी फुकट बघतात, जवळच्या आरोग्य केंद्रात जा, कोलेस्ट्रॉल होतं का तेही तिथेच विचारा. आईवडिलांना डायबेटीस असेल किंवा गरोदरपणात शुगर वाढलेली असेल तर पुढच्या आठवड्यातच जा, आणि आलेला कागद जपून फाइलमध्ये ठेवा, पुढच्या वर्षी तुलना करायला तोच लागतो.