टीआरकेबी रिसेप्टरचे रिकॉम्बिनंट प्रथिन आणि हिरड्याचा अर्क : कुपी मागवण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मानवी टीआरकेबी रिसेप्टरच्या (चेतापेशींच्या पृष्ठभागावर बसून बीडीएनएफ या चेतावर्धक प्रथिनाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाच्या) पेशीबाह्य भागाला एफसी (प्रतिपिंडाचा शेपटीकडचा भाग) जोडलेले 50 मायक्रोग्रॅम रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेले, प्रथिन मागवायचे आणि राधानगरीकडून आणलेल्या हिरड्याच्या अर्काने तो रिसेप्टर सक्रिय होतो का, हे कोल्हापुरातच, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासायचे. त्याशिवाय ई. कोलाय या जीवाणूतले प्रथिन स्वस्त असताना मानवी पेशींतले का घ्यावे, आणि शेजारच्या गटाकडील याच प्रथिनाचा पट्टा माहितीपत्रकातल्या 70 किलोडाल्टनऐवजी (हे रेणूच्या वजनाचे एकक) जेलवर, म्हणजे प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत, 100 च्या वर का आला, असेही तुम्ही विचारले आहे. सक्रियतेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचा खर्च त्याच उत्तरावर ठरणार आहे.

या कुपीतले प्रथिन सक्रिय होऊच शकत नाही. पूर्ण लांबीचा टीआरकेबी 822 अमिनो आम्लांचा असतो. त्यातली सुमारे 400 पेशीच्या बाहेर असतात, एक छोटा तुकडा पेशीपटलातून आरपार जातो आणि टायरोसिन कायनेज (टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवणारा विकर) हा कार्य करणारा भाग पेशीच्या आत असतो. बीडीएनएफ हे स्वतः दोन सारख्या रेणूंचे जोडप्रथिन आहे. ते बाहेरून येऊन दोन रिसेप्टरांना बांधते, मग आतले कायनेज एकमेकांच्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतात आणि पुढचा संदेश सुरू होतो. तुम्ही मागवणार असलेल्या प्रथिनात कायनेजच नाही. शिवाय एफसीच्या बिजागरीतील डायसल्फाइड (गंधकाच्या दोन अणूंमधील) बंधांमुळे त्याचे दोन रेणू आधीपासूनच जोडलेले असतात. म्हणून त्याने फक्त बांधणी दाखवता येते. किंबहुना संवर्धित चेतापेशींच्या प्रयोगांत हेच प्रथिन बीडीएनएफ टिपून घेऊन त्याचा परिणाम थांबवण्यासाठी वापरतात. सक्रियता दाखवायची तर पूर्ण लांबीचा रिसेप्टर असलेल्या जिवंत पेशी आणि फॉस्फेटयुक्त टायरोसिन ओळखणारी प्रतिपिंडे लागतील. तो वेगळा प्रकल्प आहे आणि त्याची सोय असल्याशिवाय संशोधन आराखड्यात सक्रियतेचा दावा लिहू नये.

पेशी वापरूनही या रिसेप्टरच्या बाबतीत फसगत होते, याचे एक उदाहरण तुमच्या विषयाला अगदी जवळचे आहे. 7,8-डायहायड्रॉक्सीफ्लेव्होन हा छोटा रेणू टीआरकेबीला सक्रिय करतो असे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर शेकडो प्रयोग उभे राहिले. पुढे 2017 मध्ये अनेक स्वतंत्र चाचण्या एकत्र वापरून तपासले असता तो आणि त्याच्यासारखे इतर रेणू रिसेप्टर सक्रिय करताना दिसले नाहीत. त्याच चाचण्यांत बीडीएनएफचा परिणाम मात्र ठळक दिसत होता. एका शुद्ध फ्लेव्होनची ही कथा असेल, तर शेकडो घटकांच्या कच्च्या अर्काबाबत किती सावध राहावे लागेल, हे तुमच्या मार्गदर्शकांनाही सांगा.

आता ई. कोलायचा मुद्दा. रिसेप्टरच्या पेशीबाह्य भागात सिस्टीनचे (डायसल्फाइड बंध बनवणाऱ्या अमिनो आम्लाचे) दोन पुंजके, त्यांच्या मधोमध ल्युसीनयुक्त पुनरावर्ती भाग आणि शेवटी इम्युनोग्लोब्युलिनसारखे दोन खंड असतात. इतके डायसल्फाइड बंध आणि नायट्रोजनमार्गे जोडलेल्या दहा-बारा साखरसाखळ्या जीवाणूच्या नेहमीच्या यंत्रणेला साधत नाहीत, म्हणून संपूर्ण बाह्य भाग एचईके 293 सारख्या मानवी पेशींतलाच घ्यावा. बीडीएनएफ मुख्यतः ज्याला बांधते तो एकटा पाचवा खंड (इम्युनोग्लोब्युलिनसारख्या दोनांपैकी शेवटचा) मात्र ई. कोलायमध्ये करता येतो आणि त्याच्या स्फटिकरचनाही निघाल्या आहेत. पण 1999 च्या रचनेत त्याचे दोन रेणू आपापला एक धागा अदलाबदल करून एकमेकांत अडकलेले आढळले. ती रचना नैसर्गिक नव्हे. स्वस्त पर्याय निवडताना ही गोष्ट डोळ्याआड करू नये. शिवाय जीवाणूतले प्रथिन पुढे पेशींवर वापरायचे असेल, तर एंडोटॉक्सिनचे (जीवाणूच्या आवरणातील विषारी घटकाचे) प्रमाण पाहावे लागते, कारण मायक्रोग्लिया या मेंदूतल्या संरक्षक पेशी त्याला लगेच प्रतिसाद देतात.

पट्टा वर का आला याचे उत्तर त्या साखरसाखळ्यांतच आहे. माहितीपत्रकातला 70 हा आकडा केवळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून काढलेला असतो. साखरेमुळे वस्तुमान वाढते आणि रेणू जेलमध्ये सावकाश सरकतो. खात्री करायची असल्यास थोडे प्रथिन साखरसाखळ्या कापणाऱ्या पीएनजीएज-एफ विकराने प्रक्रिया करून शेजारच्या खाचेत चालवा, पट्टा खाली उतरेल. डायसल्फाइड बंध तोडणाऱ्या डीटीटीशिवाय चालवल्यास जोडी न तुटल्याने पट्टा सुमारे दुप्पट वजनाच्या जागी दिसेल. आणखी एक सूचना : 66 किलोडाल्टनला जाड पट्टा दिसला तर तो रिसेप्टर समजून आनंद मानू नका, तो बहुधा टिकाऊपणासाठी घातलेला बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) असतो. तुम्ही बीएसएविरहित कुपीच मागवा, कारण बीएसए असताना ब्रॅडफर्ड या एकूण प्रथिन मोजणाऱ्या चाचणीतले मोजमाप निरुपयोगी ठरते आणि प्रथिनाला बायोटिन (ओळखखुणेचा छोटा रेणू) जोडताना तो अर्धाअधिक बीएसएवरच जातो.

माझी खरी काळजी हिरड्याची आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, म्हणजे टॅनिन प्रथिनाला घट्ट बिलगते यावर आपल्याकडचा एक अख्खा धंदा चालत आला आहे. तेच टॅनिन तुमच्या प्लेटवरच्या रिसेप्टरला, बीडीएनएफला, प्रतिपिंडांना आणि रंग आणणाऱ्या पेरॉक्सिडेज विकरालाही बिलगेल. स्पर्धात्मक एलायझामध्ये (अर्क बीडीएनएफला रिसेप्टरवर बांधू देत नाही का, हे रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत) अर्क वाढवला की रंग कमी होईल, आलेख सुंदर येईल आणि त्याचा टीआरकेबीशी काही संबंध नसेल. म्हणून अर्क आधी पॉलिव्हिनायलपॉलिपायरोलिडोनमधून काढून टॅनिन कमी करा आणि परिणाम टिकतो का ते पाहा. रिसेप्टरच्या जागी नुसते मानवी आयजीजी-1 प्रतिपिंडाचे एफसी लावलेल्या खाचा प्रत्येक प्लेटवर ठेवा आणि बीडीएनएफऐवजी संबंध नसलेली दुसरी प्रथिनजोडी घेऊन तोच अर्क तपासा. क्वेर्सेटिनसारखे फ्लेव्होनॉइड पाण्यात सूक्ष्म गोळे करून प्रथिने शोषतात, त्यासाठी 0.01 टक्के ट्रायटन एक्स-100 हे डिटर्जंट घालून तीच मोजणी पुन्हा करावी. परिणाम नाहीसा झाला तर तो गोळ्यांचा होता. बीडीएनएफ धनप्रभारित असल्याने प्लास्टिकलाही चिकटते, त्यामुळे रिसेप्टर न लावलेल्या खाचाही हव्यात.

हाताळणीचे फार काही नाही. गोठवून वाळवलेली कुपी फ्रीजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, कारण आपल्याकडच्या जुलैच्या हवेत थंड काचेवर आणि आतल्या भुकटीवर क्षणात दव धरते. आधी कुपी थोडी सेंट्रिफ्यूज करा, मग 500 मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणात) न घुसळता विरघळवा. द्रावण 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होईल. लगेच छोटे भाग करून उणे 80 अंशांना ठेवा आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. खाचेला 0.1 ते 0.2 मायक्रोग्रॅम लावल्यास एका कुपीत 250 ते 500 खाचा निघतात, म्हणजे 96 खाचांच्या दोन प्लेटी नियंत्रणांवर खर्च झाल्या तरी दुसरी कुपी लागणार नाही. बीडीएनएफ आणि नुसते एफसी मात्र याच मागणीत घाला. ते नंतर मागवू म्हटले की पहिल्या प्लेटी नियंत्रणाशिवाय चालवण्याचा मोह होतो.